इंग्रजी लढाऊ जहाजांचीं पुनरुक्त नांवें : प्रचलित नामावलींचें परीक्षण

आरमारी कागदांत जहाजाचें नांव सर्वांत आधीं नजरेंत भरतें, आणि शोधकाला सर्वांत अधिक फसवितें तेंहि तेंच.

ही फसगत आमच्या वाचकांना नवी नाहीं. साताऱ्याच्या गादीवर शाहू हें नांव दोनदां आलें, पुढें कोल्हापुरास तें पुन्हा आलें. राजाराम, बाजीराव, माधवराव यांची कथा निराळी नाहीं. आजाचें नांव नातवास ठेवण्याची आपली कुलरीति पूर्वापार चालत आलेली असल्यामुळें, सनदेंतील नुसत्या नांवावर विसंबून कोणी जाणता संशोधक कागदाचा काळ ठरवीत नाहीं. तो आधीं साल व मिति जुळवितो, मग शिक्का पाहतो, मग अक्षराचें वळण व कागदाची जात. नांवाचा विचार सर्वांत शेवटीं. परंतु हाच संशोधक इंग्रजी जहाजाच्या रोजनिशीचें सुटें पान किंवा तांब्याचा कोरीव बिल्ला हातीं आला म्हणजे ही सारी सावधगिरी बाजूस ठेवतो. ‘व्हिक्टरी’ हीं अक्षरें दिसलीं कीं त्याला नेल्सन दिसतो, आणि ‘वेलस्ली’ हीं अक्षरें दिसलीं कीं मुंबईची गोदी. अशा वस्तूंवर द्रव्य खर्च होतें, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या आधारें तारखा ठरविल्या जातात. म्हणून इंग्रजी लढाऊ जहाजांच्या ज्या नामावली आज प्रमाण समजल्या जातात, त्या या कामीं कितपत उपयोगी पडतात आणि कोठें दगा देतात, याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

मुख्यतः तीन ग्रंथ विचारांत घेतले आहेत. पहिला, टी. डी. मॅनिंग व सी. एफ. वॉकर यांचा ‘ब्रिटिश वॉरशिप नेम्स’, प्रकाशन १९५९. दुसरा, जे. जे. कॉलिज यांचा ‘शिप्स ऑफ द रॉयल नेव्ही’; याचा पहिला खंड १९६९ सालीं निघाला व पुढील आवृत्त्या बेन वॉरलो यांनीं सुधारून वाढविल्या. तिसरी, रिफ विनफील्ड यांची ‘ब्रिटिश वॉरशिप्स इन द एज ऑफ सेल’ ही खंडमाला. पहिल्या ग्रंथाचें लक्ष नांवाच्या व्युत्पत्तीकडे व त्या नांवाला चिकटलेल्या युद्धसन्मानांकडे आहे. दुसरा वर्णानुक्रमानें प्रत्येक नांव घेतो, आणि त्याखालीं त्या नांवाचीं सर्व जहाजें कालक्रमानें मांडून प्रत्येकाचा प्रकार, वजन, तोफा, बांधणीचें ठिकाण, पाण्यांत उतरल्याची तारीख आणि शेवट देतो. तिसऱ्याची मांडणी दर्जा व वर्ग यांना धरून आहे. म्हणजे जहाज आपल्या नांवाच्या पूर्वजांशेजारीं नव्हे, तर एकाच आराखड्यावर बांधलेल्या आपल्या भावंडांशेजारीं सांपडतें.

या तिहींत संग्राहकाच्या हातीं सर्वांत अधिक वेळां असणारा ग्रंथ कॉलिज यांचा. त्याच्या परिश्रमाबद्दल दुमत नाहीं. इतक्या थोड्या ओळींत इतकी पक्की माहिती देणारी दुसरी इंग्रजी आरमारी यादी प्रस्तुत लेखकास ठाऊक नाहीं. परंतु त्याच्या सोयींतच त्याचा धोका आहे. एका शीर्षकाखालीं सात-आठ जहाजें ओळीनें मांडलेलीं पाहिलीं म्हणजे वंशावळ पाहिल्याचा भास होतो. वास्तविक लागोपाठच्या दोन नोंदींत लांकूड, बांधणारा, खलाशी, तोफा, किंबहुना उपयोग, यांपैकीं कांहींच समान नसूं शकतें. वंशावळींत निदान रक्ताचा संबंध असतो. येथें संबंध आहे तो फक्त नौदलखात्याच्या कारकुनाच्या लेखणीचा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. वर्णानुक्रमी यादी हें गृहीत धरते कीं एक जहाज म्हणजे एक नांव. ज्या जहाजाचें नांव हयातींतच बदललें, त्याची मुख्य नोंद एका ठिकाणीं आणि बाकीच्या नांवांखालीं ‘अमुक पाहा’ एवढाच निर्देश, अशी कॉलिज यांची पद्धति आहे. ग्रंथकारास यापेक्षां निराळें करतां आलें नसतें हें मान्य. तथापि जो वाचक एकाच नांवाखालीं पाहून पुस्तक मिटतो, त्याला या निर्देशामागें केवढी गुंतागुंत दडली आहे याची कल्पना येत नाहीं. तीन उदाहरणें घेऊं. तिन्ही मुंबईच्या गोदीशीं निगडित आहेत, आणि तिहींतहि संग्राहक आजवर फसूं शकले असते.

पहिलें उदाहरण ‘फूद्रॉयंट’ या नांवाचें. शब्द फ्रेंच आहे. वीज कोसळावी तसा, असा त्याचा भाव. १७५८ सालीं इंग्रजांनीं या नांवाचें ऐंशीं तोफांचें फ्रेंच जहाज भूमध्यसमुद्रांत पकडलें, नांव तेंच ठेविलें, आणि १७८७ मध्यें तें मोडून टाकलें. दुसरें फूद्रॉयंट प्लिमथ येथें बांधलें गेलें व १७९८ सालीं पाण्यांत उतरलें. नेल्सनचें निशाण ज्यावर कांहीं काळ फडकलें तें हें. हें जहाज म्हातारपणीं मोडीवाल्यास विकलें गेलें, व्हीटली कॉब या गृहस्थानें तें परत विकत घेतलें, आणि १८९७ च्या जूनमध्यें तें ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें. त्याच्या लांकडाच्या खुर्च्या, पेट्या, चौकटी, आणि तांब्याचीं पदकें करून विकण्यांत आलीं. आज ‘फूद्रॉयंट’ म्हणून जे अवशेष बाजारांत फिरतात त्यांपैकीं बरेच त्या वेळचे. येथवर सर्व ठीक आहे. परंतु कॉब यानें त्याच वर्षीं दुसरें एक जुनें जहाज विकत घेऊन त्याला तेंच नांव दिलें, व त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्याचें काम सुरू केलें. तें जहाज म्हणजे मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागवानांत बांधलेली व ऑक्टोबर १८१७ मध्यें पाण्यांत उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट. शंभर वर्षांच्या आसपास ती परक्या नांवानें जगली. १९८७ मध्यें तिला दुरुस्तीसाठीं हार्टलपूल येथें नेलें, आणि १९९२ मध्यें तिचें मूळचें नांव तिला परत मिळालें. आजहि ती तेथें पाण्यावर आहे.

म्हणजे ‘फूद्रॉयंट’ हीं अक्षरें असलेली वस्तु तीन भिन्न जहाजांची असूं शकते : एक फ्रान्सचें, एक प्लिमथचें, एक मुंबईचें. विसाव्या शतकांतील पत्रें, दाखले, हजेरीपट, टोप्यांवरील पट्ट्या यांवर हें नांव आलें तर तें नेल्सनचें जहाज असणें शक्यच नाहीं. त्या वेळीं तें नांव आमच्या सागवानी फ्रिगेटचें होतें. लांकडी वस्तूंच्या बाबतींत तर परीक्षा घरबसल्या होण्याजोगी आहे. प्लिमथचें जहाज ओकाचें, मुंबईचें सागाचें. ज्याच्या घरीं जुनी शिसवी किंवा सागवानी पेटी आहे त्याला हें लांकूड वासावरूनहि ओळखतां यावें. कोणतीहि छापील नामावली ही परीक्षा सांगत नाहीं, कारण यादीला लांकूड नसतें.

दुसरें उदाहरण अधिक गुंतागुंतीचें आहे, आणि कागद गोळा करणारांनीं तें नीट ध्यानांत ठेवावें. चौऱ्याहत्तर तोफांचें ‘वेलस्ली’ हें जहाज मुंबईस फेब्रुवारी १८१५ मध्यें पाण्यांत उतरलें. १८३९ सालीं कराचीवर तोफा डागून तें बंदर इंग्रजांच्या हातीं देणारें तें हेंच. पुढें चीनच्या पहिल्या युद्धांतहि तें होतें. १८६८ मध्यें तें उनाड मुलांच्या सुधारशाळेसाठीं थेम्स नदींत ठेवावयाचें ठरलें. त्या शाळेपाशीं आधीं ‘कॉर्नवॉल’ नांवाचें जहाज होतें. तें डेप्टफर्ड येथें बांधलेलें, १८१२ चें. तें टाइन नदीवर दुसऱ्या अशाच संस्थेकडे गेलें. आणि या अदलाबदलींत नांवांचीहि अदलाबदल झाली : मुंबईचें वेलस्ली हें कॉर्नवॉल झालें, डेप्टफर्डचें कॉर्नवॉल हें वेलस्ली झालें. शाळेचें नांव शाळेपाशीं राहावें एवढाच हेतु. पण इतिहासाचा त्यांत गळा कापला गेला.

एवढ्यावर भागलें नाहीं. टाइनवरील हें नवें वेलस्ली १८७५ मध्यें मोडलें गेलें, आणि त्याच्या जागीं १८४४ चें ‘बॉस्कवेन’ हें जहाज आणून त्यालाहि वेलस्ली म्हणूं लागले. तें १९१४ मध्यें आगींत नष्ट झालें. बॉस्कवेनचें नांव मोकळें झालें तें १८४१ च्या ‘ट्रफाल्गार’ या जहाजास मिळालें. आतां समजा, ‘वेलस्ली, टाइन नदी’ असा मथळा असलेला एखाद्या मुलाच्या दाखल्याचा कागद आपणांस मिळाला. तो १८७० चा असेल तर डेप्टफर्डच्या जहाजावरील; १८८० चा असेल तर मूळच्या बॉस्कवेनवरील; मुंबईच्या जहाजावरील तो कोणत्याच सालीं असूं शकत नाहीं. मुंबईचें जहाज त्या सर्व काळांत थेम्सवर ‘कॉर्नवॉल’ या नांवानें उभें होतें. सप्टेंबर १९४० मध्यें जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यांत तें बुडालें. सव्वाशें वर्षांच्या सागवानी लढाऊ जहाजाला विमानानें बुडवावें, ही गोष्ट आरमारी इतिहासांत एकमेव म्हणावी लागेल. त्याच्या नाळेवरील काष्ठमूर्ति वांचली, ती चॅथमच्या गोदींत आहे. पुढें दीड वर्षानें, एप्रिल १९४२ मध्यें, ‘कॉर्नवॉल’ नांवाची पोलादी क्रूझर सिंहलद्वीपाच्या नैर्ऋत्येस जपानी विमानांनीं बुडविली. एकाच युद्धांत, एकाच नांवाचीं दोन जहाजें, दोन्हीं विमानांच्या हातून. वृत्तपत्रांचीं कात्रणें जमविणारांनीं हीं दोन प्रकरणें एकाच पाकिटांत घातलेलीं आढळलीं तर नवल नाहीं.

हा सर्व प्रकार कॉलिज यांच्या ग्रंथाच्या आधारें उलगडतां येतो. मात्र चार नांवें चार ठिकाणीं उघडून, बोट ठेवून, कागदावर मांडावीं लागतात. विनफील्ड यांची वर्गवार मांडणी येथें सरस ठरते. तींत जहाजाचा सांगाडा हाच घटक असल्यानें मुंबईचें वेलस्ली एकदांच येतें आणि त्याचें सबंध आयुष्य त्या एका जागीं सांपडतें. तथापि ज्याला फक्त नांव ठाऊक आहे व दर्जा ठाऊक नाहीं, त्याला या खंडांत शिरण्यासाठीं सूचीचाच आश्रय करावा लागतो. म्हणजे पुन्हा नांवाच्याच दारांतून आंत जावें लागतें. मॅनिंग-वॉकर यांच्या ग्रंथाचा या कामीं फारसा उपयोग नाहीं. नांव कोठून आलें हें कळलें म्हणून जहाज कोणतें हें कळत नाहीं.

तिसरें उदाहरण ‘कॉर्नवॉलिस’चें. या नांवाचें कंपनीचें एक मुंबई-बांधणीचें जहाज आरमारानें १८०५ मध्यें विकत घेतलें. १८११ मध्यें त्याचें नांव बदलून ‘अकबर’ ठेविलें, कारण तें नांव चौऱ्याहत्तर तोफांच्या नव्या जहाजासाठीं हवें होतें. हें नवें जहाजहि मुंबईचेंच, मे १८१३ मध्यें पाण्यांत उतरलेलें. नानकिंगच्या तहावर १८४२ च्या ऑगस्टमध्यें सह्या झाल्या त्या याच जहाजावर. १८६५ पासून तें शीअरनेस येथें धक्का म्हणून पडून होतें. १९०१ मध्यें त्याच नांवाची पोलादी युद्धनौका पाण्यांत उतरली, ती जानेवारी १९१७ मध्यें माल्टाजवळ बुडविली गेली. म्हणजे कांहीं वर्षें आजा आणि नातू एकाच नांवानें नांदत होते. जुन्या जहाजाला १९१६ मध्यें ‘वाइल्डफायर’ म्हणूं लागले, आणि १९५७ मध्यें तें मोडलें. इकडे ‘अकबर’ १८६२ मध्यें विकलें गेलें, आणि त्याच वर्षीं तें नांव ‘वेलिंग्टन’ नांवाच्या जुन्या जहाजास देऊन त्याचीहि सुधारशाळा केली. मोंगल बादशहाचें नांव आधीं कॉर्नवॉलिसला जागा करून देण्यासाठीं वापरलें गेलें व नंतर वेलिंग्टनच्या पाटीवर चिकटविलें गेलें. यांत कोणी कांहीं अर्थ पाहिला असेल असें वाटत नाहीं. १८११ सालचें ‘एशिया’ हें जहाज १८१९ मध्यें ‘आल्फ्रेड’ झालें आणि मुंबईस १८२४ मध्यें नवें ‘एशिया’ उतरलें, तोहि याच जातीचा प्रकार; नव्या एशियावर कॉड्रिंग्टनचें निशाण १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईंत होतें.

मुंबईच्या बांधणीसंबंधीं रतनजी अर्देशिर वाडिया यांचा १९५५ चा ‘बाँबे डॉकयार्ड अँड द वाडिया मास्टर बिल्डर्स’ हा ग्रंथ या यादींना चांगला पूरक आहे. त्यांत घराण्याचा अभिमान आहे, आणि तो त्या घराण्याच्या वंशजास शोभतोहि. परंतु वरील नामांतरांची साखळी समजून घ्यावयाची तर तो एकटा पुरा पडत नाहीं. गोदींतून जहाज बाहेर पडल्यावर पुढें शंभर वर्षांत त्याचें काय झालें याचा शोध इंग्लंडच्या बंदरांतच घ्यावा लागतो.

नांव कायम व वस्तु निराळी, याची उलट बाजूहि आहे : वस्तु तीच कीं निराळी हेंच ठरत नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांत जुनें जहाज पार मोडून, त्याचें निवडक लांकूड घेऊन, नवें जहाज बांधीत व दप्तरांत त्याला ‘पुनर्बांधणी’ म्हणून तेंच जहाज लेखीत. ‘रॉयल जेम्स’ हें १६७५ चें जहाज १६९१ मध्यें ‘व्हिक्टरी’ झालें, १६९५ मध्यें पुन्हा बांधलें गेलें, १७१४ मध्यें थोडे दिवस ‘रॉयल जॉर्ज’ म्हणवून परत व्हिक्टरी झालें, १७२१ मध्यें जळालें, आणि दप्तराच्या म्हणण्याप्रमाणें तेंच १७३७ मध्यें पुन्हा पाण्यांत उतरलें. हें १७३७ चें जहाज १७४४ मध्यें अॅडमिरल बाल्चेन व हजारांहून अधिक माणसांसह इंग्लिश खाडींत बुडालें. त्याचे अवशेष २००८ मध्यें सांपडले. पोर्टस्मथ येथें आज जें दाखविलें जातें तें याच्या पुढचें, १७६५ सालीं पाण्यांत उतरलेलें. आपल्याकडे जीर्णोद्धार झालेल्या देवालयाच्या पायथ्याशीं उभें राहून हेमाडपंती चिरा कोणता आणि पेशवाईंतला कोणता हें जो ओळखतो, त्यालाच या प्रश्नाची खुमारी कळेल. इंग्रज नामावलींत अशा जहाजाला कधीं एक क्रमांक मिळतो, कधीं दोन. म्हणून ‘या नांवाचें पांचवें जहाज’ किंवा ‘सहावें जहाज’ असा उल्लेख कोणत्याहि लेखांत आला तर त्या आंकड्यावर विश्वासूं नये. ग्रंथ बदलला कीं आंकडा बदलतो.

शत्रूच्या हातीं गेलेल्या नांवाची गोष्ट थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. ‘स्विफ्टशुअर’ हें इंग्रज जहाज १८०१ मध्यें फ्रेंचांनीं पकडलें व नांव तेंच ठेविलें. इंग्रजांनीं १८०४ मध्यें त्याच नांवाचें नवें बांधलें. १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईंत दोन्हीं स्विफ्टशुअर समोरासमोरच्या पक्षांत होतीं, आणि जुनें परत हातीं आल्यावर त्याला ‘इरिझिस्टिबल’ असें निराळें नांव देणें भाग पडलें. त्या दिवशीं ‘नेपच्यून’ हें नांव तर इंग्रज, फ्रेंच व स्पॅनिश अशा तिन्ही ताफ्यांत होतें. अमेरिकनांनीं याहून निराळी रीत धरली. त्यांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें डिसेंबर १८१२ मध्यें ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ ही इंग्रज फ्रिगेट जिंकली व जाळली. मग विजयाची खूण म्हणून आपल्याच नव्या फ्रिगेटला त्यांनीं १८१४ मध्यें ‘जावा’ नांव दिलें. या जळालेल्या जावाबरोबर मुंबईस येणारे त्रिंकोमालीचे नकाशेहि गेले, व ते पुन्हा पाठवावे लागले. ज्या नांवानें हरलेल्याचें दुःख व्हावें तेंच जिंकलेल्यानें मिरवावें, ही रीत आमच्या निशाण-नौबत हिरावून आणण्याच्या प्रथेहून फारशी निराळी नाहीं.

आतां मराठ्यांच्या कागदांकडे वळूं. मोडी पत्रांत इंग्रजी जहाजाचें नांव बहुधा येत नाहीं. आलें तर ऱ्हस्वदीर्घ नसलेल्या मोडींत तें ओळखूं न येण्याइतकें मोडलेलें असतें. अशा वेळीं संशोधक नामावली उघडतो, जुळणारें नांव शोधतो आणि समाधान पावतो. ही वाट चुकीची आहे. ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळप यांच्या हाताखालील पेशव्यांच्या आरमारानें ‘रेंजर’ हें जहाज विजयदुर्गानजीक झुंजून पकडलें. सालबाईचा तह होऊन गेला होता. जहाजावर कंपनीच्या फौजेचे बडे अंमलदार होते, त्यांपैकीं कर्नल हंबरस्टन हा जखमांनीं पुढें मरण पावला. हें रेंजर कंपनीच्या मुंबईच्या आरमाराचें; इंग्लंडच्या राजाचें नव्हे. राजाच्या आरमारांत त्या नांवाचीं जहाजें वेगळीं होऊन गेलीं. शिवाय अमेरिकन जॉन पॉल जोन्स याचेंहि जहाज रेंजरच होतें. तें १७८० मध्यें चार्ल्स्टन येथें इंग्रजांच्या हातीं पडलें व त्याचें नांव ‘हॅलिफॅक्स’ झालें. तेव्हां इंग्लंडच्या आरमारी नोंदींत सांपडलेलें रेंजर हें धुळपांनीं पकडलेलें रेंजर, असें समीकरण कोणी मांडील तर तें आरंभींच नासलेलें आहे.

संभाजी आंग्रे यांनीं १७३५ च्या अखेरीस पकडलेलें ‘डर्बी’ हें तर कंपनीचें व्यापारी जहाज होतें. अशीं व्यापारी जहाजें आरमारानें विकत घेतल्याखेरीज कॉलिज यांच्या यादींत येत नाहींत, आणि येऊंहि नयेत, कारण ग्रंथाचा विषय तो नव्हे. त्यांचा शोध ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत, जहाजांच्या रोजनिश्यांत घ्यावा लागतो. राजाच्या जहाजांच्या कप्तानांच्या व सुकाणूदारांच्या रोजनिश्या आणि हजेरीपट क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. दोन्हींकडे एक पथ्य पाळावें. १७५२ पूर्वींच्या इंग्रजी कागदांत वर्षारंभ २५ मार्चला होतो, व तारखाहि युरोपाच्या मानानें मागें असतात. जानेवारीपासून मार्चपर्यंतचा कागद असेल तर साल एकानें चुकण्याचा संभव असतो, आणि एका वर्षाच्या चुकीनें कप्तान बदलतो. सुहूर सन आणि शक यांचा मेळ घालतांना आम्ही जी दक्षता घेतों तीच येथेंहि हवी.

नांवांच्या निवडीसंबंधीं एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाहीं. १८०५ सालीं मुंबईस पाण्यांत उतरलेली छत्तीस तोफांची एक फ्रिगेट कांहीं दिवस ‘पिट’ म्हणवून १८०७ मध्यें ‘सालसेट’ झाली. सालसेट म्हणजे आमची साष्टी. चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत पोर्तुगीजांपासून मिळविलेली आणि १७७४ च्या डिसेंबरांत ठाण्याच्या किल्ल्याबरोबर इंग्रजांनीं घेतलेली. याच फ्रिगेटीवरून कवि बायरन १८१० मध्यें कॉन्स्टँटिनोपलकडे गेला, आणि वाटेंत नांगर टाकला असतां त्यानें हेलेस्पाँट पोहून पार केला. ‘सेरिंगपटम’ ही फ्रिगेट मुंबईचीच. असईच्या १८०३ च्या लढाईचें नांव कंपनीच्या मुंबई-बांधणीच्या आगबोटीस १८५४ मध्यें व पुन्हा एका छोट्या तोफनौकेस १८९० मध्यें दिलें गेलें. सागवान मलबारचें, हात पारशी वाडियांचे व कोंकणांतील सुतारांचे, आणि नांवें श्रीरंगपट्टण व असईचीं. नांव बदललें म्हणजे राज्य बदललें, हें इंग्रजांनीं आपल्या घरींहि केलें आहे : १६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर परत आला तेव्हां क्रॉम्वेलच्या विजयाचें ‘नेझ्बी’ एका दिवसांत ‘रॉयल चार्ल्स’ झालें, आणि सात वर्षांनीं डच लोक तें मेडवे नदींतून ओढून घेऊन गेले. त्याच्या मागील बाजूचा कोरीव फलक आम्स्टरडॅमच्या संग्रहालयांत आहे.

नांवाबरोबर सन्मानहि वारसानें यावा, ही कल्पना इंग्रजांना फार प्रिय. १९५४ मध्यें नौदलखात्यानें युद्धसन्मानांची यादी नियमबद्ध केली. त्या रीतीप्रमाणें आजचें जहाज आपल्या नांवाच्या पूर्वीच्या सर्व जहाजांचे सन्मान फलकावर लावतें. मॅनिंग-वॉकर यांचा ग्रंथ याच श्रद्धेवर उभा आहे, आणि खलाशांच्या मनावर अशा परंपरेचा काय परिणाम होतो हें ज्यानें पाहावयाचें त्याला तो उपयोगी आहे. परंतु पुराव्याच्या दृष्टीनें अशा फलकाला किंमत नाहीं. त्यावर लिहिलेल्या लढाईंत तें जहाज नव्हतें; हें एकच त्यावरून निश्चित होतें. इतक्या कडक शब्दांत लिहिण्याचें कारण, असे फलक बाजारांत येतात आणि त्यांवरील सर्वांत जुनी लढाई हीच वस्तूची तारीख म्हणून सांगितली जाते.

तेव्हां या यादींत सुधारणा काय हवी ? कॉलिज यांच्या पुढील आवृत्तींत कप्तानांची सूची असती तर निम्मे घोटाळे आपोआप मिटले असते, कारण दप्तरांत रोजनिशी कप्तानाच्या हाताखालीं सांपडते व कप्तान एका वेळीं एकाच जहाजावर असतो. पण इतक्या मोठ्या ग्रंथाकडून ही अपेक्षा करणें रास्त नव्हे. आमच्या हातीं असलेलें काम निराळें आहे. मुंबईच्या गोदींतून बाहेर पडलेल्या लढाऊ जहाजांची एक यादी नांवाप्रमाणें नव्हे तर सांगाड्याप्रमाणें व्हावी. प्रत्येक सांगाड्याखालीं त्यानें धारण केलेलीं सर्व नांवें सालवार यावींत, आणि त्या त्या नांवाच्या काळांतील कोणते कागद, मूर्ति, लांकूड, बिल्ले कोठें आहेत याची टीप असावी. ज्यांच्या संग्रहांत अशा वस्तु असतील त्यांनीं त्यांवरील अक्षरांचा ठसा, लांकडाची जात व कागदाची तारीख या तीन गोष्टी कळविल्या तरी सुरुवात होईल.

नमुन्यादाखल एक नोंद : सांगाडा मुंबई, सागवान, पाण्यांत नोव्हेंबर १८२१. नांव ‘गँजिस’, १८२१ ते १९०६. या मुदतींत पॅसिफिकमध्यें निशाणाचें जहाज, नंतर फाल्मथ व हारविच येथें मुलांची शाळा. ‘टेनेडॉस तिसरें’, १९०६ पासून. ‘इंडस पांचवें’, १९१० पासून. ‘इंप्रेग्नेबल तिसरें’, १९२२ पासून. १९३० च्या सुमारास मोडलें. कप्तानाच्या खोलीचें लांकूडकाम डेव्हनच्या किनाऱ्यालगत बर्ग बेटावरील हॉटेलांत बसविलेलें आहे. १९०६ नंतर ‘गँजिस’ या नांवाचे जे कागद येतात ते शॉटली येथील किनाऱ्यावरील शाळेचे व तिच्या दिमतीच्या इतर जहाजांचे, या सांगाड्याचे नव्हेत.